जोडव्याचं बोट

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर त्या सकाळी मला पोचवायला नऊ माणसं आली होती. त्यांतल्या आठ जणांना मी पुण्याला नेमका कशासाठी चाललोय हे माहीत नव्हतं. नववी आई. तिला माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं. पोरगा कोल्हापूरला जाऊन मातीचे पुतळे करायला शिकला, शिल्पकलेचा डिप्लोमा घेतला, आणि आता पुण्यात लाकडाचे पाय करायला निघाला, हे चार बायकांत सांगायचं कसं हा तिचा प्रश्न होता. तो तिनं तिच्या पद्धतीनं सोडवला. 'दवाखान्यात लागलाय,' असं तिनं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं.

अण्णा, माझा थोरला भाऊ, माझी ट्रंक घेऊन एसटीच्या टपावर चढला. ट्रंकेत माझी हत्यारं होती, जुन्या धोतरात गुंडाळलेली. 'दगड भरलास काय रे दत्तू?' त्यानं वरूनच विचारलं. दगड खरंच होता, हत्यारांना धार लावायचा. बाबा कापडाच्या दुकानात गुमास्ते, बोलणं मोजकं. त्यांनी माझी कॉलर नीट केली आणि 'पोचलास की पत्र टाक' एवढंच म्हणाले. आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा हातात दिला आणि म्हणाली, 'मिळालंय ते हातात धर. मनातलं मनात राहतंय की, ते कुठं पळून जातंय?' तिचं हे वाक्य मी पन्नास वर्षं कानात घेऊन फिरतोय.

मनातलं काय होतं तेही सांगतो. मुंबईत एका मोठ्या शिल्पकारांची कार्यशाळा होती. तिथं ब्राँझचे अश्वारूढ पुतळे ओतले जायचे. आमच्या सरांनी माझ्या कामाचे फोटो तिकडे पाठवले होते आणि 'जागा झाली की कळवू' असं उत्तर आलं होतं. जागा कधी होणार हे देवाला ठाऊक. तोवर खायचं काय? म्हणून सरांनीच पुण्यातल्या एका छोट्या कारखान्याला चिठ्ठी दिली. पाय गेलेल्या माणसांना पाय करून देतात, हात बसलेला माणूस हवाय, जा. मी गेलो. तात्पुरता.

हे सगळं आज लिहितोय, कारण मागच्या रविवारी अण्णाचा फोन आला. त्याची नात ऋतुजा गेली पाच वर्षं आमच्याकडे पुण्याजवळ मांजरीला राहते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. अॅनिमेशन शिकली. एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली. बँकांच्या अॅपमध्ये ती हसरी चित्रं हलतात ना, ती करायची. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं, आणि पोरगी नाही म्हणत होती. तिला मातीच्या बाहुल्यांच्या फिल्म करायच्या आहेत, आणि तसलं काम करणाऱ्या स्टुडिओत जागा होईपर्यंत ती थांबणार. अण्णा फोनवर म्हणाला, 'दत्तू, तूच तिला समजाव. तुझं उदाहरण दे. तू घराकडं बघून मुंबई सोडलीस, तिला म्हणावं, तुझ्या पुणेआजोबांनी काय सोडलं ते बघ आधी.' मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

कारण ते उदाहरण खोटं आहे. म्हणून हे पत्र. मुंबईला, सांगलीला आणि पार अमेरिकेला गेलेल्या आपल्या पोरांनाही ते कळावं असं मला वाटतं, पण आधी अण्णाला पोस्टानं पाठवतोय. पुढं द्यायचं की फाडून टाकायचं हे त्यानं ठरवावं. तेवढा हक्क त्याचाच आहे, का ते पुढं येईल.

शनिवार पेठेत तो कारखाना म्हणजे एका बोळाच्या टोकाची पत्र्याची शेड. आत दोन कामाची मेजं, एक भट्टी, भिंतीला लटकवलेले प्लास्टरचे साचे आणि हमीदभाई. हमीदभाई तिथले मुख्य कारागीर. मालक असायचे, पण ते नावाला. हमीदभाईंचं घराणं पुण्यात कधीपासून आहे हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. पणजोबा टांग्याची चाकं करायचे, आजोबा खुर्च्या, हे स्वतः पाय. 'आमच्याकडे माणसाला पुढे न्यायचं काम आहे,' असं म्हणायचे. पहिल्या दिवशी मी काहीतरी विचारलं, तर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, 'काय हो, आपण कुठले? न्हाय न्हाय करता. नाही म्हणावं. पुण्यात आलात ना?' गडहिंग्लजच्या ब्राह्मण मास्तरांनी जे माझ्या जिभेचं केलं नाही ते ह्या माणसानं सहा महिन्यांत करून दाखवलं. सहा महिन्यांनी मला ते 'अरे दत्ता' म्हणायला लागले, आणि मी पास झालो असं समजलो.

त्यांची काम करायची एक रीत होती. आलेल्या माणसाला ते गेलेला पाय कधीच आधी दाखवू द्यायचे नाहीत. माणूस बिचारा अवघडून धोतर वर करायला लागला की म्हणायचे, 'थांबा. आधी आहे तो दाखवा.' मग त्याचा शाबूत पाय मांडीवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि टाच, घोटा, बोटं दोन्ही हातांनी चाचपत बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कित्येक माणसं त्या दहा मिनिटांत रडायची. अपघातानंतर सगळ्या जगानं त्यांच्या नसलेल्या पायाची चौकशी केलेली असायची, असलेल्या पायाला हात लावणारा हा पहिलाच माणूस. मला तेव्हा हे नाटक वाटायचं. मी पट्टीनं मापं घ्यायचो, वहीत स्केच काढायचो, आणि मनात म्हणायचो, म्हातारबुवा वेळ घालवतात.

पाय तयार झाला की त्याची परीक्षा शेडमध्ये व्हायची नाही. माणसाला बोळात चालायला लावायचं. बोळाच्या मध्यावर आपट्यांची पिठाची गिरणी होती. आपटे दारात स्टूल टाकून बसलेले असायचे, मिशांवर पीठ. ते आमचे परीक्षक, न नेमलेले. चाल बिघडली असेल तर न विचारता मत यायचं: 'डावीकडे जायचंय का त्यांना?' किंवा 'पाय आहे चांगला, माणसाला विचारलं होतं का?' आपटे काही बोलले नाहीत म्हणजे पाय पास. वीस वर्षांत त्यांनी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. पण त्यांच्या गप्प बसण्यासाठी आम्ही जीव टाकायचो.

सहा-सात महिने मी पट्टे शिवले, साचे ओतले, हमीदभाईंच्या हाताखाली लाकूड तासलं. पांगाऱ्याचं लाकूड, हलकं. मग एक दिवस ते म्हणाले, 'हे पाऊल तू कर. अख्खं. मी बघणार नाही.' ते पाऊल सोनाबाईंचं.

सोनाबाई मांजरीच्या. तेव्हाची मांजरी म्हणजे उसाचा हिरवा दर्या आणि मध्ये मध्ये मेथी-कोथिंबिरीचे तुकडे. उसाच्या गाडीचं चाक पायावरून गेलं आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढला. वय असेल पस्तीस. नवरा घेऊन यायचा, बोलायचा नाही, कोपऱ्यात टोपी हातात धरून बसायचा. वरचा भाग हमीदभाईंनी केला होता. उरलेला पाय बसवायची चामड्याची वाटी, पट्टे, पोटरी. दोन-तीन आठवडे त्या साध्या लाकडी ठोकळ्यावर चालायला शिकत होत्या, आणि चालत होत्या झोकात. उरलं होतं फक्त खरं पाऊल.

मी ते पाऊल असं केलं म्हणता, काय सांगू तुम्हाला. कोल्हापूरला आमच्या वर्गात प्लास्टरचे ग्रीक पुतळे होते, त्यांची पावलं मी शंभरदा काढलेली. तीच सगळी विद्या ओतली. तळव्याची कमान, निमुळती बोटं, गुळगुळीत घोटा. बोटं एकमेकांना चिकटलेली, मधून नुसत्या रेघा कोरलेल्या, कारण तशीच ती मजबूत राहतात आणि दिसतातही सुंदर. वर गुलाबीसर रंग. मला स्वतःलाच भरून आलं. मी ते पाऊल सोनाबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, 'लई देखणा हाय वो. पर ह्यो माझा न्हाई. कुण्या राणीचा हाय ह्यो.' मी कसनुसा हसलो. मग त्यांचं हसणं थांबलं. कनवटीची गाठ सोडून त्यांनी चांदीचं एक जोडवं काढलं. दवाखान्यात पाय काढायच्या आधी नर्सनं बोटातून उतरवून दिलेलं. दुसरं त्यांच्या शाबूत पायात होतंच. ते सुटं जोडवं त्यांनी माझ्या ग्रीक पावलाच्या दुसऱ्या बोटाला लावून बघितलं. ते जाणार कुठं? बोट होतंच कुठं? रेघ होती.

'हे कुठं घालू?' त्यांनी विचारलं. त्या विचारण्यात तक्रार नव्हती, मला माहीत असेल अशी खात्री होती. कोपऱ्यात त्यांच्या नवऱ्यानं मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

लाज कशाची वाटली सांगू? आमच्या आईच्या पायात जन्मभर जोडवी बघितली. लहानपणी तिच्या पायाशी खेळताना ती मी फिरवत बसायचो, ती 'सोड रे' म्हणायची. इथल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. आणि मी मात्र शिकून, डिप्लोमा घेऊन, मांजरीच्या बाईला ग्रीसचा पाय दिला. हमीदभाई काही रागावले नाहीत. ती दोघं गेल्यावर चहा पिताना म्हणाले, 'पाऊल बघितलंस, बाई नाही बघितलीस. पुन्हा कर.'

पुन्हा करणं सोपं नव्हतं. दुसरं बोट सुटं करायचं, तर ते लाकडाचं एवढंसं बोट टिकणार कसं? पहिलं केलं, ते सोनाबाईंच्या दहाव्या पावलाला मोडलं. आपटे म्हणाले, 'काहीतरी सांडलं तुमचं.' दुसरं सागाचं केलं, ते मोडलं नाही पण त्याच्या कडकपणामुळे अख्ख्या पावलाला चीर गेली. चामड्याचं केलं, ते ओलाव्यानं फुगलं आणि जोडवं अडकून बसलं. सोनाबाई दर बुधवारी यायच्या, आणि दर बुधवारी शांतपणे म्हणायच्या, 'न्हाई जमलं व्हय? जमंल.' एकदाही त्या म्हणाल्या नाहीत की जाऊ दे, राहू दे, जोडव्यावाचून काय अडतंय. मला त्यांच्या ह्या हट्टाचं तेव्हापासून आजवर कौतुक वाटत आलंय. पाय गेला तर गेला, पण दुसरा घ्यायचा तर आपलाच घेणार. चालवून घेणार नाही. बरं, हे म्हणताना आवाज चढलेला नाही, डोळ्यांत पाणी नाही. बुधवार आला की बाई हजर.

आणि नेमकं त्याच दिवसांत मुंबईचं पत्र आलं. जागा झाली आहे, एक तारखेला हजर व्हा.

आता मी जे सांगतोय ते मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही. फक्त माझ्या बायकोला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं, ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं,' आणि भाजी निवडत राहिली.

पत्र घेऊन मी हमीदभाईंकडे गेलो. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आठ-नऊ महिने ज्याची वाट बघितली ते हातात होतं. हमीदभाईंनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, 'जा. नशीब काढलंस. ह्या बोटाची काळजी करू नकोस, हे मी करतो.'

आणि मला राग आला. माझा मला कळेना, पण असा राग आला की कानशिलं तापली. ते करणार? का? बोट माझं आहे. मोडलं मी, चुकलो मी, रोज सकाळी उठल्यावर त्याचाच विचार करतोय मी, आणि जमायला आल्यावर ते दुसरं कुणी करणार? भले हमीदभाई का असेनात. मी बोळातून बाहेर पडलो, पार नदीपर्यंत जाऊन परत आलो. अश्वारूढ पुतळा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. घोडा काही येईना. जोडव्याचं बोट येत होतं. त्याला आत वाकणारं काहीतरी हवं, एवढंच डोक्यात फिरत होतं. परत आलो आणि मुंबईला लिहून टाकलं की मला येणं जमणार नाही.

बस, एवढंच. त्याग नाही, काही नाही. मला ते बोट दुसऱ्याला द्यायचं नव्हतं.

पण घरी हे लिहायचं कसं? एका बाईच्या पायाच्या बोटासाठी मुंबई सोडली, हे बाबांना कोण सांगणार? मी लिहिलं, 'घरची परिस्थिती बघता मुंबईला बिनभरवशाचं जाण्यापेक्षा इथली कायमची नोकरी धरून ठेवायचं ठरवलं आहे.' किती सोज्ज्वळ वाक्य! आईनं ते पत्र म्हणे देवापुढं ठेवलं. गल्लीत वाचून दाखवलं. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी अण्णाला मिरजेला रेल्वेत बोलावणं आलं, तेव्हा आईनं त्याला काय म्हटलं ते अण्णाला पाठ आहे आणि मलाही. 'धाकट्यानं घराकडं बघून सपान सोडलं, आणि तू थोरला होऊन घर सोडून निघालास?' अण्णा गेला नाही. बाबांच्या जागी दुकानात उभा राहिला, म्हाताऱ्यांचं सगळं केलं, माझ्या वाट्याचंसुद्धा. त्याला इंजिनांचं किती वेड होतं, हे आता घरात माझ्याशिवाय कुणाला आठवत नसेल. अण्णा, तू माझ्या त्यागापुढं मान तुकवलीस, आणि तो त्याग नव्हताच. हे मी तुला पन्नास वर्षांत सांगू शकलो नाही. दिवाळीला यायचो, तू सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटायचास, आणि मी चकली खात बसायचो. मला माफ कर असं म्हणवत नाही. माफी मागायला फार उशीर झालाय, पण खरं सांगायला झालेला नसावा.

बोटाचं काय झालं तेही सांगतो, नाहीतर ऋतुजासारखं तुम्हीही डोकं खाल. मोडक्या छत्रीची काडी घेतली, ती पोलादाची, वाकते आणि परत सरळ होते. तिच्याभोवती रबर ओतलं आणि बोटाच्या आकाराला आणलं. लाकडी पावलात ती काडी खोल बसवली. मग अख्खं पाऊल नव्यानं केलं. रुंद पंजा, थोडा बाहेर वळलेला अंगठा, टाचेला भेगा. रंग करायला सोनाबाईंना भर दुपारी बोळात उन्हात बसवलं आणि त्यांचा शाबूत पाय पुढ्यात घेऊन बसलो, मांडीवर. हमीदभाई दारातून बघत होते. तो रंग नुसता काळा नव्हे, तपकिरी नव्हे. त्यात मांजरीचं ऊन होतं, चिखल होता, बोटांच्या बेचक्यात उजळ पट्टे होते. तीन दुपारी लागल्या.

बुधवारी सोनाबाई आल्या. पाऊल बसवलं. त्यांनी कनवटीचं जोडवं काढलं, वाकल्या, आणि स्वतःच्या हातानं घातलं. गेलं. मग दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसल्या. त्या उठल्या, लुगडं सारखं केलं आणि बोळात चालायला लागल्या. गिरणी आली. आपटे त्यांच्या पायाकडे बघत राहिले, मग आमच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता दाणे सारायला आत गेले. आम्ही वाट बघतोय, बाई आता वळतील. बाई वळल्याच नाहीत. बोळ संपला, कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या. त्यांचा नवरा टोपी डोक्यावर ठेवत मागे पळाला. मी त्यांच्या शेडमध्ये राहिलेल्या कुबड्या घेऊन त्याच्यामागे. शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात गाठल्या. एका दगडावर बसून त्या शेंगा खात होत्या. मी कुबड्या पुढं केल्या, तर म्हणाल्या, 'त्या आता कुणाला लागतील त्येला द्या. बसा वाईच. शेंगा घ्या.' मी बसलो. त्यांचा नवरा तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. 'आमची चालायला लागली,' तो म्हणाला. मग तो रडला आणि मीही.

त्यानंतर मी किती पावलं केली ते मोजलेलं नाही. लाकूड गेलं, प्लास्टिक आलं, फायबर आलं. आता तर कॉम्प्युटरवर मापं घेतात आणि मशीन पाय काढून देतं, हलका, सुरेख. निवृत्त झाल्यावरही मला अधूनमधून बोलावतात, नवी मुलं 'सर, फिनिशिंगला बघा ना जरा' म्हणतात. मी जातो आणि आधी शाबूत पाय मागतो. हमीदभाईंना जाऊन पंचवीस वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी मला चांगलं म्हटलं नाही. मात्र त्यांच्या स्वतःच्या पायाला साखरेमुळे जखम झाली आणि डॉक्टर पाय काढू म्हणाले, तेव्हा त्यांनी घरच्यांना सांगितलं होतं, काढला तर दत्ता करील. पाय काढायची वेळ आली नाही. पण ते वाक्य मला त्यांच्या मुलानं सांगितलं, त्या दिवशी मी कामावर जाऊ शकलो नाही. एवढा मोठा माणूस पुन्हा बघायला मिळाला नाही.

मुंबईचा पस्तावा होतो का? होतो, कधीकधी. चौकातला घोडा दिसला की मी रिक्षा थांबवायला लावतो आणि त्याच्या मागच्या पायाचा सांधा बघतो. आमच्या घरात ह्याला कंटाळलेत सगळे. पण घोड्याला चालायचं नसतं, ही त्याची सोय आहे.

तर ऋतुजा. फोननंतर दोन दिवस मी तिला टाळलं. बुधवारी दुपारी तिच्या खोलीत गेलो. आमची मागची खोली तिनं पार ताब्यात घेतलीय. मेजावर मातीचा एक म्हातारा, वीतभर उंचीचा, आणि त्याच्यावर रोखलेला कॅमेरा. हा म्हातारा खुर्चीवरून उठतो, एवढंच तिला दाखवायचं होतं. थोडा हलवायचा, फोटो काढायचा, परत थोडा हलवायचा. उठताना त्याचा गुडघा दर वेळी फाटत होता. ती म्हणाली, 'पुणेआजोबा, धिस इज माय फोर्टीफर्स्ट गुडघा. आय नो, सगळ्यांना वाटतं मी टाइमपास करतेय. मला जॉब नकोय असं नाहीये. हा गुडघा सोडून तिकडे जाऊन बसले ना, तर माझं लक्षच लागणार नाही.' आणि तिनं तो फाटलेला गुडघा काढून बेचाळिसावा करायला घेतला.

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आत काय घालतेस? ती म्हणाली, तांब्याची तार. मी म्हटलं, तांबं वाकलेलंच राहतं, त्याला परत यायची अक्कल नसते. मग मी तिला सगळं सांगितलं. हे जे तुम्हाला आत्ता सांगितलं ते सगळं, मिरजेसकट. ती माती हातात धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, 'म्हणजे तुम्ही जॉबसाठी ड्रीम सोडलं नाहीत. तुम्ही ड्रीमसाठी ड्रीम सोडलंत.' मी म्हटलं, असेल बाई, तुमच्या भाषेत तसं असेल. पण पोटाला भाकरी त्या नोकरीनं दिली होती, तेही विसरू नकोस. मी थांबू शकलो नसतो. मला थांबायला घर नव्हतं.

शुक्रवारी तिनं कंपनीला नाही कळवलं. मग मला विचारलं, 'आजोबांना कोण सांगणार?' मी म्हटलं, मी.

तेव्हा अण्णा, तिनं नाही म्हटलं आहे. तिला ते काम कधी मिळेल, मिळेल की नाही, मला माहीत नाही. पण मी माझ्या डोळ्यांनी तिला काम करताना बघितलंय, आणि असं काम करणारं माणूस मी आयुष्यात आणखी एकच बघितलं, त्यांचं नाव हमीदभाई. मागची खोली तिची. एक वर्ष लागो नाहीतर चार. माझं उदाहरण तिला देऊ नकोस. त्या उदाहरणानं एकदा तुझं रेल्वेचं इंजिन नेलं, आता पुरे झालं.

इतकी वर्षं घर म्हटलं की मला गडहिंग्लज आठवायचं आणि पाठोपाठ भीती वाटायची. तिथं एक दुसराच दत्तू राहत होता, देवापुढच्या पत्रातला, आणि मी दर सुट्टीला त्याचा पाहुणा म्हणून यायचो. आता तो राहिला नाही. म्हणून पहिल्यांदाच तिकडे यावंसं वाटतंय, खरोखर घरी यावंसं. आजपासून आठव्या दिवशी मी एसटीनं निघेन. तुला जे बोलायचं असेल ते बोल, शिव्या घाल, गल्ली गोळा कर. मी ऐकून घेईन. फक्त स्टँडवर ये, अण्णा.